साथीचा कायदा आणि शेतकऱ्याचें औषध

मालवणहून कुडाळकडे जातांना वाटेंत धामापूरचें तळें लागतें. विजयनगरच्या राज्याचे मांडलिक नागेश देसाई यांनीं तें इसवी सन 1530 मध्यें बांधविलें असें सांगतात. कांठीं भगवतीचें देऊळ आहे. आणि 2020 सालीं आंतरराष्ट्रीय सिंचन व निचरा आयोगानें या तळ्यास जागतिक वारसा सिंचनस्थळांत स्थान दिलें. हा मान मिळाला हें योग्यच झालें. परंतु आम्हांस या तळ्याविषयीं आदर वाटतो तो निराळ्या कारणानें. बांधणाऱ्यानें अवर्षण येण्याची वाट पाहिली नाहीं. पाणी आधीं सांठविलें, आणि तें खालच्या भातशेतीस व माडापोफळींच्या बागांस मिळेल अशी तजवीज करून ठेविली. ज्या सालीं या दूरदृष्टीचा गौरव झाला, त्याच सालीं करोनाची साथ आली. आणि शेतकऱ्याच्या पाण्याची जी काळजी एका मांडलिकानें पांच शतकांपूर्वीं वाहिली, तितकी काळजी शेतकऱ्याच्या औषधाविषयीं स्वराज्याच्या सरकारांनीं 73 वर्षांत वाहिली नव्हती, हें उघडें पडलें. साथ ओसरली म्हणून हा प्रश्न ओसरला असें मानणारांपैकीं आम्ही नाहीं. घर विझल्यावरच विहिरीचा विचार शांतपणें करतां येतो.

प्रथम शेतकऱ्यावर काय प्रसंग आला तें पाहूं. 25 मार्च 2020 रोजीं, ऐन गुढीपाडव्याच्या दिवशीं, देशभर टाळेबंदी सुरू झाली. कोंकणांत हा काळ काजू गोळा करण्याचा, आंबा उतरण्याचा आणि पावसाळ्यापूर्वीं चार पैसे गांठीस बांधण्याचा. मागोमाग मृग येतो, तरवा तयार होतो आणि लावणीची घाई सुरू होते. नोकरदारास चौदा दिवस घरीं बसविलें तर त्याचें काम पंधराव्या दिवशीं जेथें राहिलें होतें तेथून पुढें चालतें. शेतकऱ्याचे ऐन लावणीचे चौदा दिवस गेले तर त्याचें वर्ष जातें. अशा वेळीं घरांतील कोणाचें अंग तापलें तर त्या कुटुंबानें काय करावें? खबर दिली तर सारें घर विलगीकरणांत, गुरें दावणीस उपाशीं आणि तरवा जागच्या जागीं पिवळा. खबर न दिली तर निदान आज शेतांत जातां येईल. ताप दडविणाऱ्यास अडाणी म्हणणें सोपें आहे. परंतु ज्यानें त्यास ताप सांगण्याचा दंड भोगावयास लाविला आणि ताप सांगण्याचा लाभ मात्र हातीं दिला नाहीं, त्या व्यवस्थेस काय म्हणावें, याचा विचार आमच्या सुशिक्षित वाचकांनीं करावा.

ही व्यवस्था कोणत्या कायद्यावर उभी होती तें वकिलीच्या धंद्यांतील माणसास सांगितल्यावांचून राहवत नाहीं. 1897 चा साथरोग अधिनियम हा मुळांत अवघ्या चार कलमांचा कायदा. पहिल्यांत नांव, दुसऱ्यांत सरकारास हवे ते नियम करण्याचा अधिकार, तिसऱ्यांत नियम मोडणारास शिक्षा, आणि चौथ्यांत या कायद्याखालीं सद्हेतूनें काम करणारांस दाव्यापासून संरक्षण. 2020 सालीं प्रथम वटहुकुमानें व मग संसदेच्या कायद्यानें त्यांत डॉक्टर, परिचारिका व इतर आरोग्यसेवकांवर हल्ला करणारांस सात वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद झाली; ती रास्तच होती. परंतु हा कायदा आरंभापासून अखेरपर्यंत वाचला तरी रोग्यास अमुक ठिकाणीं, अमुक वेळांत औषधोपचार मिळालाच पाहिजे असें एकही वाक्य त्यांत सांपडत नाहीं. रोग्याची तपासणी करावी, त्यास वेगळें ठेवावें, प्रवाशांस अडवावें, हें सर्व सरकारास करतां येतें. रोग्यास बरें करण्याचा प्रयत्न करणें मात्र त्याजवर बंधनकारक नाहीं.

असा एकांगी कायदा कां झाला हें त्याच्या जन्मवर्षावरून समजतें. 1896 च्या सप्टेंबरांत मुंबईस मांडवी भागांत प्लेग प्रकट झाला, आणि लाखो लोक मुंबई सोडून निघाले. गिरणींत राबणारा कोंकणी मनुष्य आगबोटींतून आपल्या गांवीं आला. परकी सरकारास त्या वेळीं व्यापाराची व बंदरांची चिंता होती. फेब्रुवारी 1897 मध्यें हा कायदा घाईनें मंजूर झाला, आणि पुण्यास सोल्जरांकडून घरोघर झडत्या घेण्यांत आल्या. पुढें रँडसाहेबांचा खून झाला, तो इतिहास महाराष्ट्रास सांगावयास नको. त्याच साथींत सावित्रीबाई फुले यांनीं पुत्र डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यांत रोग्यांची शुश्रूषा केली, आणि 10 मार्च 1897 रोजीं प्लेगनेंच त्यांचा अंत झाला. सत्ता कायद्यानें आली आणि सेवा ज्याच्या त्याच्या सदिच्छेवर राहिली, असा तो प्रकार होता. परकीयांच्या राज्यांत हें समजण्यासारखें आहे. 123 वर्षांनंतर, आपलें राज्य असतां, तोच कायदा जसाच्या तसा बाहेर काढावा लागला, ही मात्र स्वाभिमानी राष्ट्रास लाज वाटण्यासारखी गोष्ट होय. फेब्रुवारी 2024 मध्यें विधि आयोगानें आपल्या 286 व्या अहवालांत हा कायदा अपुरा असल्याचें सांगून तो सुधारावा किंवा त्याच्या जागीं नवा करावा अशी शिफारस केली आहे.

कोणी म्हणेल, औषधोपचार हा हक्क कसा होईल? ती तर दयेची बाब. या प्रश्नाचें उत्तर आमच्या सर्वोच्च न्यायालयानें 6 मे 1996 रोजींच देऊन ठेविलें आहे. आणि योगायोग असा कीं, तो खटला शेतमजुरांच्या संस्थेनेंच चालविला होता. बंगालमधील एक शेतमजूर 1992 च्या जुलैंत आगगाडींतून पडून डोक्यास जबर जखमी झाला. त्यास एकामागून एक सरकारी रुग्णालयांत नेलें. कोठें खाट नाहीं, कोठें साधन नाहीं असें सांगून सर्वांनीं परत पाठविलें, आणि अखेर खासगी रुग्णालयांत पदरचे पैसे खर्चून त्यास उपचार घ्यावे लागले. पश्चिम बंग खेत मजदूर समितीच्या या खटल्यांत न्यायालयानें ठरविलें कीं, जीव वांचविण्यास अवश्य असे तांतडीचे उपचार नाकारणें हा घटनेच्या 21 व्या कलमांतील जीविताच्या हक्काचा भंग होय, आणि पैसा नाहीं ही सबब सरकारास सांगतां येणार नाहीं. त्या मजुरास 25 हजार रुपये भरपाई देवविली; शिवाय प्राथमिक आरोग्य केंद्रांत रोग्याची प्रकृति सांवरण्यापुरती सोय असावी, कोणत्या रुग्णालयांत खाट मोकळी आहे हें एका ठिकाणाहून कळावें, रोग्यास नेण्यास वाहनें असावीं, अशा सूचनाही केल्या. या सूचनांनुसार खेड्यापाड्यांत खरोखर व्यवस्था उभी राहिली असती, तर 2021 च्या उन्हाळ्यांत प्राणवायूच्या खाटेसाठीं रोग्यांचे नातेवाईक रात्रीं-अपरात्रीं या गांवाहून त्या गांवास दूरध्वनि करीत बसले नसते.

आतां धामापूरच्या शेतकऱ्यापुढील पायऱ्या मोजून पाहूं. साधा आजार असेल तर उपकेंद्र किंवा प्राथमिक आरोग्य केंद्र. अधिक असेल तर मालवणचें ग्रामीण रुग्णालय. त्याहून अधिक असेल तर ओरोस येथील जिल्हा रुग्णालय. आणि तेथेंही भागण्यासारखें नसेल तर गोव्याचें बांबोळी, नाहींतर कोल्हापूर किंवा मुंबई. 1 मे 1981 रोजीं रत्नागिरीपासून वेगळा होऊन सिंधुदुर्ग जिल्हा झाला. 2011 च्या गणनेप्रमाणें त्याची वस्ती साडेआठ लाखांच्या आंतबाहेर. तरी त्यास स्वतःचें सरकारी वैद्यकीय महाविद्यालय मिळावयास 2021-22 हें साल उजाडावें लागलें. तोंपर्यंत कठीण दुखण्यास बांबोळीचा आधार. तेथेंही 2018 च्या आरंभापासून गोव्याबाहेरील रुग्णांस शुल्क आकारण्यांत येऊं लागलें, आणि दोडामार्गच्या लोकांस आंदोलन करावें लागलें. टाळेबंदींत तर गोव्याच्या सीमेवर नाकेबंदीच झाली. गोव्याच्या सरकारास आम्ही दोष देत नाहीं. शेजाऱ्याच्या विहिरीवर पिढ्यान्‌पिढ्या पाणी भरणारानें तो दोर कधीं तरी आंवरील हें ओळखून स्वतःची विहीर खणावयास हवी होती. आणि आपली विहीर पुरी होईपर्यंत दोन राज्यांमध्यें कायमचा लेखी करार असावा, मंत्री बदलला कीं बदलणारें आश्वासन नसावें.

पैशाच्या बाबतींतही शेतकऱ्याची अशीच गत झाली. 2012 सालीं राजीव गांधी यांच्या नांवें सुरू झालेली आणि 2017 सालापासून महात्मा जोतिराव फुले यांचें नांव लाभलेली जन आरोग्य योजना ही चांगली योजना आहे, हें आम्ही मोकळ्या मनानें कबूल करितों. परंतु पांढरी शिधापत्रिका असलेल्या शेतकऱ्यास तिचा लाभ द्यावयाचा तो औरंगाबाद व अमरावती हे दोन विभाग आणि वर्धा अशा 14 जिल्ह्यांतच, असा नियम होता. त्या जिल्ह्यांतील शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनीं सरकारचें मन द्रवलें, तें योग्यच. पण कोंकणांतील शेतकरी गळफांस घेत नाहीं म्हणून त्याचें दुखणें हलकें ठरतें काय? मे 2020 मध्यें साथीच्या धाकानें ही योजना राज्यांतील सर्वांस खुली झाली. 2023 सालीं तिची मर्यादा पांच लाखांपर्यंत नेण्याचा निर्णय झाला. म्हणजे साथ आल्यावर जें शक्य झालें तें आधींही अशक्य नव्हतें. तथापि योजनेच्या पत्रिकेनें खर्च भागतो, अंतर भागत नाहीं. मध्यरात्रीं श्वास लागलेल्या म्हाताऱ्यास धामापूरहून ओरोसला न्यावयाचें तर पत्रिकेआधीं गाडी हवी, आणि गाडीआधीं तो श्वास साधा नव्हे हें ओळखणारें शिकलेलें माणूस वाडींत हवें.

लसीची कथा तर याहून बोलकी आहे. 1 मे 2021 पासून अठरा वर्षांवरील सर्वांस लस खुली झाली, परंतु पंचेचाळिशीच्या आंतील माणसास आधीं संगणकी नोंदणीची सक्ती. ज्याच्या हातीं चांगला दूरध्वनियंत्र आणि बोटांत चपळाई, त्यानें क्षणांत जागा पटकावली. शहरांतील लोकांनीं खेड्यांतील केंद्रांवर जाऊन लस टोंचून घेतल्याच्या तक्रारी महाराष्ट्रभर ऐकूं आल्या. त्याच महिन्याच्या 16 तारखेस तौक्ते वादळ आमच्या किनाऱ्याजवळून गेलें. माड उन्मळले, विजेचे खांब आडवे झाले, कित्येक गांवांत दिवसचे दिवस दिवा नव्हता, मग नोंदणी कसची? 31 मे रोजीं सर्वोच्च न्यायालयानें केवळ संगणकावर विसंबणाऱ्या या पद्धतीनें गरीब व ग्रामीण जनता मागें राहील असें सरकारास बजावलें. तीच गोष्ट एखाद्या तलाठ्यास किंवा आशा सेविकेस विचारली असती तरी तीस दिवस आधीं कळली असती.

आशा सेविकांचें नांव निघालें म्हणून सांगतों. घरोघर जाऊन ताप मोजणें, आलेल्या चाकरमान्यांची नोंद ठेवणें, शाळेंत विलगीकरणांत असलेल्यांची विचारपूस करणें, हें सर्व काम खेड्यांत या बायांनीं केलें. गणेशचतुर्थी 22 ऑगस्ट 2020 रोजीं आली. मुंबईहून येणारांस दहा दिवसांचें विलगीकरण ठरलें, आणि त्या साऱ्या व्यवस्थेचें ओझें गांवावर पडलें. कायदा त्यांस स्वयंसेविका म्हणतो, म्हणजे पगार द्यावयास नको. जून 2021 मध्यें राज्यांतील सुमारें 70 हजार आशांस संप करावा लागला, तेव्हां कोठें महिन्याकांठीं थोडी वाढ पदरीं पडली. ज्या शिपायास लढाईंत पुढें धाडावयाचें त्यास वेतन न देणारें राज्य फार दिवस लढाया जिंकत नाहीं.

आणि साथी म्हणजे एक करोनाच नव्हे. शेतकऱ्याच्या वांट्यास त्याच्या धंद्याच्याच साथी आहेत, आणि त्यांची वार्ता शहरांत पोंचतही नाहीं. लेप्टोस्पायरोसिस हा रोग उंदीर व गुरें यांच्या मूत्रानें दूषित झालेल्या पाण्यांतून, पायाच्या भेगांवाटे शरीरांत शिरतो. म्हणजे जो चिखलांत उभा राहून भात लावतो त्यासच तो मुख्यतः गांठतो. माकडताप हा गोचिडीच्या चाव्यानें होतो. 2016 च्या आरंभीं दोडामार्ग तालुक्यांतील केर गांवीं तो प्रथम आढळला, आणि पुढें बांदा परिसरांत काजूच्या बागांत राबणारी माणसें त्यानें आजारी पडलीं. लेप्टोवर स्वस्त औषधें आहेत, परंतु तीं पहिल्या दिवसांत मिळालीं पाहिजेत. चार दिवस ताप अंगावर काढला कीं मूत्रपिंड व यकृत यांवर बेतते. करोनाचा ताप, लेप्टोचा ताप आणि माकडताप हे आरंभीं सारखेच दिसतात. म्हणून गांवाजवळ रक्त तपासण्याची सोय, आणि ताप निर्भयपणें सांगतां येईल अशी हमी, या दोन गोष्टींवांचून कोणत्याही साथीशीं सामना करतां येणार नाहीं.

आतां आक्षेपांचा विचार करूं. पहिला आक्षेप असा कीं, इतका पैसा आणावा कोठून? 1946 सालीं, युद्धानें पोळलेल्या आणि अद्याप परतंत्र असलेल्या या देशांत, भोर समितीनें दर दहा ते वीस हजार वस्तीमागें 75 खाटांचें रुग्णालय असावें असें दीर्घकालीन ध्येय सांगितलें होतें, आणि पैसा नाहीं म्हणून कोणी उपचारांवांचून राहूं नये हें तिचें मूळ तत्त्व होतें. आज सपाट प्रदेशांत तीस हजार व डोंगराळ प्रदेशांत वीस हजार वस्तीमागें जें एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावयाचें, त्यांत सामान्यतः सहा खाटा असतात. परतंत्र देश 75 खाटांचें स्वप्न पाहूं शकला, आणि स्वतंत्र देश सहांवर समाधान मानतो, यांत दारिद्र्य पैशाचें कीं इच्छेचें? दुसरा आक्षेप, डॉक्टर खेड्यांत येत नाहींत. बरोबर आहे, राहण्यास गळकें घर, मुलांस शाळा दूर, आणि बदलीचा भरंवसा नाहीं, तर कोण येईल? न्यायाधीश तालुक्याच्या गांवीं जातो, कारण त्यास घर, मान व ठराविक मुदत मिळते. तेंच डॉक्टरास द्या. तिसरा आक्षेप, खेडूत लोक आधीं देवाकडे गाऱ्हाणें घालतात आणि मग दवाखान्यांत जातात. देवीचें देऊळ वाडींत आहे आणि रुग्णालय दूर आहे. रुग्णालय जवळ आणून पाहा, मग खेडुताच्या शहाणपणाची परीक्षा करा.

येथवर सरकारास बोल लाविले. आतां आपणां स्वतःसही चार शब्द सांगणें प्राप्त आहे. साथीच्या आरंभीं कोंकणांतील कित्येक गांवांनीं वेशीवर बांबू आडवे टाकले आणि आपल्याच पोटच्या चाकरमान्यांस परक्यासारखें वागविलें. ज्याच्या घरीं रोगी निघाला त्याच्याशीं व्यवहार तोडण्याचे प्रकार झाले. आम्हां शहरवासीयांनीं तर शेतकऱ्याची आठवण आंब्याची पेटी दारीं येईल कीं नाहीं एवढ्यापुरतीच ठेविली. मालवण, कुडाळ, कणकवलीच्या पेठांतील व्यापारी बंधूंस आमचें सांगणें असें: तुमच्या वहीवरील उधारी शेतकऱ्याच्या अंगांतील ताकदीवर उभी आहे. लावणीच्या दिवसांत तो अंथरुणास खिळला तर दिवाळींत तुमचीही वही कोरी राहते. 2 ऑगस्ट 2021 च्या आदेशानें राज्यांतील बहुतेक जिल्ह्यांचे निर्बंध सैल झाले, परंतु सिंधुदुर्ग धरून 11 जिल्ह्यांतील दुकानांवर बंधनें कायम राहिलीं, कां? जिल्ह्यांत रोग हटत नव्हता म्हणून. खेड्यांतील दडविलेल्या तापाचें भाडें अखेर पेठेनें भरलें.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. साथीचा नवा कायदा करतांना त्यांत सरकारच्या अधिकारांबरोबर सरकारचीं कर्तव्यें लिहावीं. कोणत्याही वाडींतील रोग्यास एका तासाच्या आंत प्राणवायू व डॉक्टर मिळेल, आणि पुढील खाट निश्चित केल्यावांचून त्यास कोणतेंही रुग्णालय परत पाठविणार नाहीं, हें कलम त्यांत असावें. विलगीकरणांत ठेविलेल्या शेतकऱ्यास व शेतमजुरास त्या दिवसांची भरपाई मिळावी. तरच ताप उघड होईल. आशा सेविकांस मानधनाऐवजीं पगार द्यावा. रिक्त जागा किती आणि कधींपासून याचा फलक प्रत्येक आरोग्य केंद्राच्या दाराशीं लागावा. राजस्थानच्या विधानसभेनें 2023 सालीं आरोग्याच्या हक्काचा कायदा मंजूर केला. त्यांत उणीवा असतील. पण महाराष्ट्रानें आरोग्याच्या हक्काविषयीं राजस्थानच्या मागें राहावें हें टिळक, आगरकर आणि फुले यांचीं नांवें घेणारांस शोभत नाहीं.

कायदा होईपर्यंत हात जोडून बसावें असेंही नाहीं. प्रत्येक गांवांत आरोग्य, पोषण व स्वच्छता समिती कागदावर आहे. तिच्या सभा होतात कीं नाहींत, तिचा निधि कोठें जातो, हें ग्रामसभेंत उठून विचारण्याचा अधिकार प्रत्येक मतदारास आहे. जे वाचूं लिहूं शकतात त्यांनीं न वाचणाऱ्यांच्या वतीनें हा प्रश्न विचारावा. शिक्षणाचें ऋण फेडण्याचा याहून सोपा मार्ग आम्हांस ठाऊक नाहीं.

धामापूरच्या तळ्याविषयीं एक कथा सांगतात. गोरगरिबाच्या घरीं लग्न निघालें कीं भगवतीपाशीं फुलें ठेवून मागणें करावें, आणि तळ्यांतून दागिने वर यावेत; कार्य झालें कीं ते परत करावेत. पुढें कोणा एकानें ते परत केले नाहींत, आणि तेव्हांपासून तळ्यानें देणें बंद केलें. कथा खरी कीं खोटी याचा वाद आम्हांस घालावयाचा नाहीं. टाळेबंदीच्या दिवसांत आम्हीं घरीं बसून जेवलों तें या शेतकऱ्याच्या भातावर. तें उसनें अद्याप आमच्याकडेच आहे. पुढची साथ येण्यापूर्वीं तें परत करावें, एवढेंच आमचें म्हणणें आहे.